पहिलटकरणीचे गाऱ्हाणे

बाळंतपण हा बाईचा पुनर्जन्म होय, असे आमच्या आज्या-पणज्या म्हणत आल्या. त्या म्हणण्यात अलंकार नव्हता, अनुभव होता. आज गोव्यात ती भीती पुष्कळच ओसरली आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार या राज्यातील जवळजवळ सर्व बाळंतपणे इस्पितळांत होतात. ही गोष्ट अभिमानाची खरी. परंतु इस्पितळ जवळ असणे आणि त्याच्या दारात वेळेवर पोहोचणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. या दोहोंमधील अंतरात जे दुखणे दबा धरून बसते, त्याविषयी आज आम्हांला लिहावयाचे आहे. वैद्यकशास्त्रात त्यास प्रीएक्लॅम्प्शिया म्हणतात.

शंभर गर्भवतींपैकी २ ते ८ जणींना हा विकार होतो. साधारणतः विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० वर किंवा त्यापलीकडे जातो, बहुधा लघवीतून प्रथिने जाऊ लागतात आणि पुढे मूत्रपिंड, यकृत व मेंदू यांवर आघात होतो. वेळीच आवरला नाही तर गर्भवतीला आकडी येते. तिचा जीव जाऊ शकतो, पोटातले मूलही दगावू शकते. पूर्वीचे डॉक्टर यास टॉक्सिमिया, म्हणजे रक्तातील विषबाधा, म्हणत. ते विष कोणास सापडले नाही. विकाराचे मूळ वारेत आहे, असे आता मानले जाते. आरंभीच्या आठवड्यांत वारेच्या रक्तवाहिन्या नीट घडल्या नाहीत, तर तिच्यातून सुटणारी द्रव्ये आईच्या रक्तवाहिन्यांना इजा करतात. म्हणूनच मूल आणि वार बाहेर आल्यावाचून हा विकार मुळातून हटत नाही.

हा विकार कोणालाही होऊ शकतो; परंतु पहिलटकरणीला त्याचा धोका अधिक, आणि ती अगदी कोवळ्या वयाची असेल तर विशेष. पस्तिशी उलटलेल्या, मधुमेह वा स्थूलता असलेल्या, जुळी मुले पोटात असलेल्या आणि आईला किंवा बहिणीला हा त्रास झालेल्या स्त्रियांनीही सावध असावे. रक्तदाब चढलेला अंगाला कळत नाही. कळतात ती पुढची लक्षणे: न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे किंवा अंधारी, उजव्या बरगडीखाली दुखणे, तोंडावर व हातांवर अकस्मात आलेली सूज.

आता या लक्षणांना आमच्या घरांत कोणती उत्तरे मिळतात ते पाहावे. डोके दुखते? उन्हातून आलीस. पोटात कळ येते? आंबट फार खाल्लेस. तोंड सुजले? गर्भारपणात असे होतेच. फार तर दृष्ट लागली असेल. सासू काय, आई काय, कोणी वाईट हेतूने बोलत नाही. त्यांनी स्वतःची बाळंतपणे अशीच निभावून नेलेली असतात. परंतु ज्यांची निभावली नाहीत, त्या सांगावयास उरल्या नाहीत, हे आपण विसरतो. सासरी येऊन वर्षही न झालेली वीस-बावीस वर्षांची मुलगी दोनदा गाऱ्हाणे सांगेल. तिसऱ्यांदा नाजूक म्हणवून घेण्यापेक्षा ती गप्प बसेल. घरात जिच्या शब्दाला सर्वांत कमी वजन, तिच्याच शब्दावर येथे दोन जीव अवलंबून असतात. आकडी आली की बाधा झाली असे समजून घाड्याकडे धावण्याचे दिवस सरले असे म्हणतात. ते खरोखरच सरलेले असोत. देवळात गाऱ्हाणे घालण्यास आमचा विरोध नाही. मात्र सुनेचे गाऱ्हाणे त्याआधी ऐकले जावे.

मीठ तोडले की भागले, हाही असाच एक गैरसमज. मीठ कमी केल्याने हा विकार टळतो असे आढळलेले नाही. ज्यांना धोका अधिक आहे अशा स्त्रियांना, सोळाव्या आठवड्याच्या आत आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, ॲस्पिरिनची अल्प मात्रा सुरू केल्यास धोका घटतो. यासाठी नावनोंदणी पहिल्या तीन महिन्यांतच व्हावयास हवी. आकडी रोखण्यास मॅग्नेशियम सल्फेट हे स्वस्त औषध आहे. त्याने आकडीचा धोका निम्म्याने कमी होतो, हे २००२ साली अनेक देशांत मिळून झालेल्या मोठ्या चाचणीने सिद्ध केले. भारतीय स्त्रियांच्या शरीरमानास साजेशी त्याची कमी मात्रेची पद्धत आपल्या धुळ्याच्या डॉक्टरांनी मांडली आणि ती त्या शहराच्या नावानेच ओळखली जाते. औषध आहे, इस्पितळ आहे, १०८ ची गाडी आहे. उणीव आहे ती वेळेवर ओळखण्याची.

येथे आमच्या एका गोड प्रथेचा विचार करणे प्राप्त आहे. सातव्या-आठव्या महिन्यात ओटी भरून मुलीला माहेरी नेतात. कोणी पेडण्याहून सावंतवाडीला, कोणी काणकोणहून कारवारला, कोणी बेळगावहून फोंड्याला जाते. नेमके हेच आठवडे या विकाराच्या दृष्टीने जोखमीचे. ज्या डॉक्टरने चार महिने रक्तदाब मोजला तो मागे राहतो, आणि नव्या डॉक्टरपुढे कोऱ्या कागदाने आरंभ होतो. आधीचा आकडा ठाऊक नसेल तर आजचा चढला की नाही हे कसे समजावे? ओटीच्या खणानारळाबरोबर माता-बाल संरक्षण कार्डही मुलीच्या हाती असलेच पाहिजे.

बाळंतपणानंतरही धोका सरत नाही. रक्तदाब प्रसूतीनंतरच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा चढू शकतो, आणि आकडी सहा आठवड्यांपर्यंतही येऊ शकते. त्या दिवसांत घर बारशाच्या तयारीत असते, सगळ्यांचे डोळे पाळण्याकडे. बाळंतीण शेकशेगडीच्या खोलीत डोके धरून बसलेली असली तर ते जागरणाचे दुखणे ठरते. शिवाय या विकारातून उठलेल्या स्त्रीला पुढे रक्तदाब व हृदयविकार यांचा धोका अधिक राहतो, हे तिला कोणी सांगतही नाही.

म्हणून आरोग्य खात्याकडे आमची मागणी साधी आहे. प्रत्येक भेटीत रक्तदाब आणि लघवी तपासलीच जावी व आकडा कार्डावर लिहिला जावा. दर महिन्याच्या ९ तारखेस गर्भवतींची जी मोफत तपासणी होते, तिला न आलेल्या स्त्रीची चौकशी तिच्या घरी, माहेरी गेली असल्यास तेथे, व्हावी. प्रसूतीनंतरच्या पहिल्या आठवड्यात परिचारिकेने रक्तदाबाचे यंत्र घेऊन घरी जावे. पहिल्या खेपेला असेच वाटते, हे उत्तर कोणत्याही इस्पितळाच्या खिडकीवर दिले जाऊ नये.

आणि घरच्यांकडे मागणी त्याहून साधी. डोके दुखते असे मुलगी म्हणाली तर तिला काढा देण्यापूर्वी तिचा रक्तदाब मोजून घ्या. तो नीट निघाला तर एक फेरी फुकट जाईल. असल्या फुकट फेऱ्या प्रत्येक घराने आनंदाने कराव्यात, असे आम्ही आग्रहपूर्वक सांगतो.