बँकेचे बळ ओळखावे कसे?



गेल्या कार्तिकात कौंडण्यपूरला जाणे झाले. रुक्मिणीमातेच्या माहेरचे हे गाव. वर्धेच्या काठावर बसलो असता जवळच्याच गावातील एक धान्य व्यापारी बंधू पिशवीतून एका सहकारी बँकेचा वार्षिक अहवाल काढून म्हणाले, "काकाजी, मंदिराच्या जीर्णोद्धाराचे चाळीस लाख या बँकेत ठेवायचे, असा विश्वस्तांचा विचार आहे. व्याज पाऊण टक्का अधिक मिळते. बँक मजबूत आहे का, तेवढे पाहून सांगा."

अहवालाच्या मुखपृष्ठावर नव्या इमारतीचे छायाचित्र होते, आत संचालकांचे सत्कार होते. ताळेबंद मात्र शेवटच्या पानांत, बारीक टाइपात. आपणही बहुधा इमारत पाहतो आणि ताळेबंद सोडून देतो.

उधारीवर माल देण्यापूर्वी आपण समोरच्या पेढीची काय चौकशी करतो? त्याचे स्वतःचे भांडवल किती, डोक्यावर देणे किती, आणि त्याची येणी वसूल होणारी आहेत की बुडीत. बँकेत ठेव ठेवणे म्हणजे बँकेला उधार देणेच होय. आपली ठेव ही बँकेच्या दृष्टीने कर्ज आहे. तेव्हा तेच तीन प्रश्न बँकेलाही विचारावेत.

त्या अहवालातील आकडे गोल करून मांडतो. भागभांडवल व राखीव निधी मिळून स्वनिधी १२ कोटी, ठेवी १३८ कोटी, एकूण पसारा १५० कोटी. म्हणजे स्वतःच्या एका रुपयावर साडेअकरा रुपयांचे देणे. व्यापाऱ्याचे देणे भांडवलाच्या दुपटीवर गेले की आपण सावध होतो. बँकेचा व्यवसायच दुसऱ्याच्या पैशावर चालतो, म्हणून दहा-बारा पट देणे तेथे नवल नाही. परंतु त्याचा अर्थ नीट समजून घ्यावा. येणी व गुंतवणुकींत शंभर रुपयांमागे आठ रुपये बुडाले की स्वनिधी संपतो, आणि पुढचा तोटा ठेवीदाराच्या अंगावर येतो.

म्हणूनच रिझर्व्ह बँकेने भांडवल पर्याप्ततेचे, म्हणजे सीआरएआरचे, बंधन घातले आहे. यात प्रत्येक मालमत्तेला जोखमीनुसार वजन दिले जाते. सरकारी रोख्यांना वजन जवळपास नाहीच, तारण नसलेल्या कर्जाला पूर्ण. या जोखीमभारित रकमेशी स्वनिधीचे प्रमाण काढतात. एका जिल्ह्यापुरत्या लहान नागरी सहकारी बँकांसाठी ते किमान ९ टक्के, तर इतर नागरी सहकारी बँकांसाठी १२ टक्के ठरले आहे. आपल्या या बँकेची जोखीमभारित रक्कम ९६ कोटी होती, म्हणजे प्रमाण साडेबारा टक्के. व्यापारी बंधूंचा चेहरा खुलला.

मी म्हटले, "थांबा, अजून एक पान उलटा." एकूण कर्जे ९० कोटी, त्यांपैकी थकीत, अर्थात एनपीए, ८ कोटी. तरतूद ३ कोटींची. उरले निव्वळ एनपीए ५ कोटी, म्हणजे पावणेसहा टक्के. सुव्यवस्थापित नागरी बँकेचे निव्वळ एनपीए ३ टक्क्यांहून अधिक नसावेत, ही रिझर्व्ह बँकेची कसोटी. हे ५ कोटी बुडालेच असे धरा. स्वनिधी १२ वरून ७ कोटींवर येतो आणि साडेबारा टक्क्यांचे प्रमाण पावणेआठच्याही खाली घसरते. निव्वळ एनपीए स्वनिधीच्या किती टक्के आहे, हे प्रमाण मी माझ्या नोकरीच्या काळात सर्वांत आधी पाहत असे. येथे ते जवळपास ४२ टक्के होते.

हा केवळ कागदी हिशेब नव्हे. समोर दिसणाऱ्या वर्धेच्या पैलतीरी वर्धा जिल्हा लागतो. जिल्हा सहकारी बँकांनी परवान्यासाठी किमान ४ टक्के भांडवल पर्याप्तता राखावी, एवढीच माफक अट होती. वर्धा, नागपूर व बुलढाणा या तिन्ही जिल्हा बँका तीही पूर्ण करू शकल्या नाहीत. नोव्हेंबर २०१४ मध्ये केंद्र सरकारने देशातील अशा २३ विनापरवाना जिल्हा बँकांसाठी सुमारे २,३७५ कोटी रुपयांची योजना मंजूर केली, त्यांत आपल्या विदर्भातील या तीन होत्या. मधल्या काळात ठेवीदारांची काय घालमेल झाली, हे आपल्या भागास सांगावयास नको.

मात्र आकडेही फसवू शकतात. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेच्या मार्च २०१९च्या अहवालात सीआरएआर १२.६२ टक्के आणि निव्वळ एनपीए २.१९ टक्के होते. सहाच महिन्यांत, २३ सप्टेंबर २०१९ रोजी निर्बंध आले आणि ठेवीदारास प्रथम केवळ एक हजार रुपये काढण्याची मुभा उरली. सत्तर टक्क्यांहून अधिक कर्जे एकाच बांधकाम समूहाकडे होती आणि ती हजारो खोट्या खात्यांआड दडविली होती. म्हणून प्रमाणे पाहिल्यावर आणखी काही विचारावे. मोठी कर्जे किती जणांकडे आहेत? लेखापरीक्षकाने कोणते शेरे मारले आहेत? नफा प्रत्यक्ष वसुलीतून आला की एखादी मालमत्ता विकून? इतरांहून बरेच अधिक व्याज देणे बँकेला कशामुळे परवडते?

शेवटचा आधार ठेव विम्याचा. ४ फेब्रुवारी २०२० पासून त्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाख झाली. ती एका बँकेतील एका ठेवीदाराच्या सर्व शाखांतील ठेवींना मिळून आणि व्याजासह आहे. न्यास हाही एकच ठेवीदार. म्हणजे चाळीस लाखांतील पस्तीस लाख उघडेच. पतसंस्थेतील ठेवीला तर हा विमा मुळीच नाही, हे आपल्यातील कितीतरी कुटुंबांना ठाऊक नसते. शिवाय सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ३५ प्रमाणे न्यासाचा पैसा मुख्यतः शेड्यूल्ड बँक, टपाल बचत बँक, शासनमान्य सहकारी बँक वा सरकारी रोखे यांतच ठेवता येतो. विश्वस्तांनी आधी हे तपासावे.

व्यापारी बंधूंनी हळूच विचारले, "माझ्या घरचेही सहा लाख तेथे आहेत. उद्याच काढून घेऊ?" मी म्हटले, घाई नको आणि बाजारात बोलणेही नको. अफवेने चांगली बँकही कोलमडते. सभासद आहात, तर वार्षिक सभेत उठून थकबाकीचे उत्तर मागा. ठेव मुदतीनंतर विम्याच्या मर्यादेत आणा. मंदिराचे पैसे मात्र तेथे ठेवू नका.

चाळीस लाखांवर पाऊण टक्का म्हणजे वर्षाचे तीस हजार. तेवढ्यासाठी पस्तीस लाखांची जोखीम पत्करणे हा व्यवहार नव्हे. स्वतःच्या पैशाबाबत लोभ झाला तर आपले नुकसान होते. देवद्रव्याबाबत झाला, तर शेकडो श्रावकांच्या दानाचे आपण अपराधी ठरतो. येत्या पंधरवड्यात आपापल्या बँकेचा अहवाल मागवा आणि स्वनिधी, सीआरएआर व निव्वळ एनपीए हे तीन आकडे वहीत उतरवून ठेवा. गेल्या वर्षीचेही शेजारी लिहा. उतार कोठे लागला आहे, ते आपणास आपोआप दिसेल.