पेशींना आधी घर द्या
स्नायूची किरकोळ इजा शरीर स्वतःच भरून काढते; १९६१ मध्ये अलेक्झांडर मॉरो यांनी शोधलेल्या सॅटेलाइट पेशी हे काम करतात. पण स्फोटात मांडीचा लचकाच तुटला, तर तिथे उरतो नुसता कडक व्रण.

मग बाहेरून पेशी घातल्या तर? १९९० च्या दशकात, स्नायू झिजवणाऱ्या ड्युशेन आजाराच्या मुलांना स्नायूपेशी टोचल्या गेल्या. बहुतेक पेशी काही दिवसांतच मेल्या.

उघड्या खडकावर रोप जगेल कसे? पेशींनाही माती हवी. पिट्सबर्ग विद्यापीठाच्या डॉक्टरांनी डुकराच्या मूत्राशयातल्या पेशी धुऊन काढल्या आणि उरलेली जाळी स्नायू गमावलेल्या रुग्णांच्या जखमेत बसवली. २०१४ मध्ये त्यांनी जाहीर केले, की पाच रुग्णांपैकी तिघांची हालचाल सुधारली. तेही बाहेरून एकही पेशी न घालता! आता अशा जाळीत किंवा हायड्रोजेल या पाणीदार जेलमध्ये पेशी पेरून प्राण्यांवर प्रयोग होत आहेत.

संशोधनाचा पैसा नुसत्या पेशींवर नको, या आधारावरही खर्च व्हायला हवा.