बायकोला कुणी विचारलेच नाही

आपल्या वस्तीत कुणाच्या छातीत कळ आली, तर काय करायचे हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. कुणी 108 ला फोन करतो, कुणी रिक्षा बोळाच्या तोंडाशी आणून लावतो, शेजारीण मुलांना आपल्या घरी नेते. पण कुणी मध्यरात्री भिंतीकडे बोट दाखवून किंचाळायला लागला, किंवा एखादी मुलगी आतून कडी लावून "मला जगायचंच नाही" म्हणाली, तर? गर्दी तेव्हाही जमते. पण कुणी हसतो, कुणी मोबाईल काढतो, कुणी दोरी शोधतो.

जीएनएमचा डिप्लोमा करून मी पंधरा वर्षे दवाखान्यांत नोकरी केली. त्यातली एक रात्र मी अजून विसरलेले नाही. आज ती लिहिते, कारण त्या रात्री चुकलेल्यांत मीही होते.

तो गवंडीकाम करायचा. वर्षानुवर्षे रोज पिणारा. आषाढ पौर्णिमेला विहारात वर्षावासाचा कार्यक्रम झाला. त्या दिवशी त्याने मनापासून ठरवले आणि संध्याकाळपासून दारू बंद केली. घरात आनंद झाला. दुसऱ्या दिवशी हात थरथरू लागले, घाम फुटू लागला, झोप उडाली. तिसऱ्या रात्री त्याला अंथरुणावर साप दिसू लागले. तो ओरडत बोळात आला. कुणी म्हणाले बाहेरचे लागले, कुणी म्हणाले आज जास्त झाली. पोरांनी त्याचे हात बांधले. पोलीस आले, त्यांना वाटले दारूचा दंगा आहे. त्यांनी त्याला आमच्या कॅज्युअल्टीत आणून सोडले. डॉक्टर दुसऱ्या टेबलावरच्या अपघाताच्या पेशंटमध्ये अडकलेले. त्यांनी लांबूनच सांगितले, "मानसिक आहे, पुढे पाठवा."

पुढे पाठवायचा कागद मीच तयार केला. नाडी 130 च्या वर होती, अंग तापलेले होते. धडपडीमुळे असेल, असे मला वाटले. साखर तपासली नाही. पुढच्या दवाखान्यात पोहोचण्याआधीच तो गेला.

बारा दिवसांनी त्याची बायको कागदांसाठी आली. तेव्हा तिने सांगितले, "सिस्टर, तीन दिवस त्याने थेंबसुद्धा घेतला नव्हता हो." त्या रात्री ती फाटकाबाहेर धाकट्याला कडेवर घेऊन उभी होती. एकच नातेवाईक आत सोडतात म्हणून त्याचा भाऊ आत आला होता. भाऊ दुसऱ्या गावी राहायचा, त्याला यातले काहीच माहीत नव्हते. ज्या एका वाक्याने सगळे उपचार बदलले असते, ते वाक्य फाटकाबाहेर राहिले. शेजाऱ्यांनी विचारले नाही, पोलिसांनी विचारले नाही, मीही विचारले नाही.

रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम तोडली, की दोन-तीन दिवसांत असा भ्रम होऊ शकतो. जुनी माणसे याला 'वात झाला' म्हणत. यात ताप येतो, नाडी धावते, फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. पण वेळेत ओळखले तर साध्या सरकारी रुग्णालयातही उपचार होतात. शांत करणारे योग्य औषध, बी-वन जीवनसत्त्वाचे इंजेक्शन, सलाईन आणि सतत लक्ष. म्हणून घरात कुणी रोज पिणारा असेल आणि त्याने सोडायचे ठरवले, तर त्याचे कौतुक करा, पण त्याला आधी डॉक्टरकडे न्या. निश्चय त्याचा असू दे, दारू मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखाली सुटू दे.

आता मुद्द्याकडे येते. त्या रात्री कुणी दुष्ट नव्हते. शेजारी, पोलीस, गाडीतली माणसे, डॉक्टर, नर्स, प्रत्येकाने आपल्याला येत होते ते केले. पण एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात माणूस जात होता, माहिती जात नव्हती. आणि आम्हा कुणालाच अशा प्रसंगासाठी कधी शिकवलेले नव्हते. डिप्लोमात मानसोपचाराची पोस्टिंग झाली होती. तिथे आजारांची नावे शिकले. भेदरलेल्या माणसाशी पहिले वाक्य काय बोलायचे, ते शिकले नाही.

"प्रशिक्षणे तर होतात की," असे अधिकारी म्हणतात. होतात, मीही बसले आहे त्यांत. आशाताईंचे वेगळे, पोलिसांचे वेगळे, नर्सचे वेगळे. पडद्यावर चित्रे दाखवतात, चहा होतो, हजेरीपटावर सही होते. पण प्रसंग येतो तेव्हा हे सगळे एकाच बोळात एकमेकांसमोर उभे असतात आणि एकमेकांना ओळखतही नाहीत. माझे म्हणणे एवढेच आहे, की ज्यांना एकत्र काम करायचे आहे त्यांना एकत्र बसवून शिकवा. आणि त्यांत वस्तीलाही बसवा.

हे स्वप्नरंजन नाही. अमेरिकेत मेम्फिस नावाचे शहर आहे. 1987 साली तिथल्या सरकारी घरांच्या वसाहतीत एक मानसिक आजारी कृष्णवर्णीय तरुण चाकू घेऊन स्वतःला इजा करून घेत होता. पोलीस आले आणि त्यांच्या गोळीने तो मेला. शहर संतापले. पुढच्या वर्षी, 1988 मध्ये, पोलीस, रुग्णालय, विद्यापीठातले जाणकार आणि रुग्णांची कुटुंबे एकत्र आली आणि निवडक पोलिसांसाठी 40 तासांचे प्रशिक्षण सुरू झाले. त्यात आजारी माणसे आणि त्यांचे नातेवाईक स्वतः येऊन बोलतात. आणखी एक गोष्ट केली. पोलिसांनी आणलेल्या माणसाला परत न पाठवता दाखल करून घ्यायचे, असे एका रुग्णालयाशी ठरवून घेतले. मला ही दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. पोलीस कितीही चांगला शिकला, पण दवाखान्याचे दार बंद असेल तर तो माणसाला नेणार कुठे?

आपल्याकडे कायदा आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017. दारूमुळे होणाऱ्या मानसिक अवस्थाही त्यात येतात. त्यातल्या चार-पाच गोष्टी प्रत्येक घराला माहीत असाव्यात. कलम 100 प्रमाणे पोलिसांनी ताब्यात घेतलेल्या अशा माणसाला लवकरात लवकर, आणि उशिरात उशिरा 24 तासांत, जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यायचे आहे. त्याला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. कलम 94 प्रमाणे जीव धोक्यात असेल तर कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर 72 तासांपर्यंत तातडीचे उपचार करू शकतो, म्हणजे 'इथे मानसोपचारतज्ज्ञ नाही' म्हणून हात झटकायचे कारण नाही. कलम 95 प्रमाणे मानसिक रुग्णाला साखळीने बांधायला मनाई आहे. तमिळनाडूत एरवाडी इथे 2001 साली आग लागली, तेव्हा साखळ्यांनी बांधलेली 28 माणसे पळता न आल्याने जळून मेली. ती आठवण ठेवा. कलम 115 प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे धरायचे आहे. त्याला शिक्षा द्यायची नाही, त्याच्या उपचाराची आणि पुनर्वसनाची जबाबदारी सरकारची आहे. केस होईल या भीतीने मुलीला दवाखान्यात न्यायला उशीर करू नका.

याच कायद्यात सरकारी दवाखान्यांतल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना मानसिक आजारातल्या तातडीच्या सेवेचे प्रशिक्षण द्यायला सांगितले आहे आणि पोलिसांचे वेळोवेळी प्रबोधन करायलाही सांगितले आहे. म्हणजे आपण भीक मागत नाही. जे लिहिले आहे ते मागतो आहोत.

एकत्र प्रशिक्षणात काय असावे? अनुभवावरून सांगते. एका वेळी एकानेच बोलायचे, हळू आवाजात, माणसाचे नाव घेऊन. गर्दी आणि मोबाईल लांब. आपण दार अडवून उभे राहायचे नाही. त्याला साप दिसत असतील तर 'कुठे आहे साप?' म्हणून हुज्जत घालायची नाही आणि 'हो, मलाही दिसतो' असेही म्हणायचे नाही. 'तू घाबरलायस, मी इथेच आहे' एवढे पुरते. पालथे पाडून कुणीही पाठीवर बसायचे नाही, श्वास कोंडतो. जगायचे नाही म्हणणाऱ्याला सरळ विचारायचे, 'जीव द्यावासा वाटतोय का?' विचारल्याने डोक्यात विचार शिरत नाही, उलट मनातले बाहेर येते. मग त्याला एकटे सोडायचे नाही.

आणि पाच प्रश्न, जे माणसासोबत हातोहात पुढे गेले पाहिजेत. हे कधीपासून चालू आहे? दारू, गोळ्या किंवा काही नशा, शेवटची कधी घेतली? साखर, फिट, ताप, डोक्याला मार यांपैकी काही आहे का? मरण्याबद्दल काही बोलला का? त्याचा सर्वात जास्त विश्वास कुणावर आहे? हे पाच प्रश्न वस्तीने आशाताईला सांगायचे, आशाताईने गाडीतल्या डॉक्टरला, त्याने कॅज्युअल्टीतल्या सिस्टरला. आणि ज्याला जास्त माहीत आहे त्यालाच आत सोडायचे. मग ती बायको असो, आई असो की शेजारीण.

काही जण म्हणतील, आधी डॉक्टरांच्या जागा भरा. भराच. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकातली मानसोपचारतज्ज्ञापासून नर्सपर्यंतची सगळी पदे भरा. मोठी मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरीला आहेत, बीड-परभणीच्या माणसाने रात्री जायचे कुठे? पण सगळी पदे भरली तरी पहिला तास तज्ज्ञाच्या वाट्याला येत नाही. तो शेजाऱ्याच्या, आशाताईच्या, बीटवरच्या पोलिसाच्या आणि नाईट ड्युटीवरच्या नर्सच्या वाट्याला येतो.

आणि हो, हे ओझे आशाताईच्या डोक्यावर फुकट टाकू नका. तिच्या कामाचे मोजून पैसे द्या. अशा रात्रीनंतर तिला, पोलिसाला, नर्सला बसवून 'काय झाले, तुला कसे वाटतेय?' हे विचारायची पद्धत पाडा. मला त्या सकाळी कुणी विचारले नव्हते. मी घरी जाऊन आंघोळ केली आणि रात्री परत ड्युटीवर गेले. दोष मनात राहिला, धडा मात्र कुणीच घेतला नाही.

सुरुवात आपण करू शकतो. विहाराचा किंवा समाजमंदिराचा हॉल आपल्याकडे आहे. महिला मंडळाने वैद्यकीय अधिकारी, पोलीस निरीक्षक आणि जिल्हा रुग्णालयाच्या मानसिक आरोग्य पथकाला एकच पत्र लिहावे. दोन दिवस द्या, सगळे एकत्र या, आमच्यासोबत बसा. दर तीन महिन्यांनी एकदा सराव करा. प्रत्येक गल्लीत एक कागद लावा. 108, 112, आशाताईचा नंबर, आणि टेलिमानस 14416. टेलिमानस ही सरकारची मोफत सेवा आहे, चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येते. पत्राची पोच घ्या, उत्तर नाही आले तर पुन्हा जा.

त्या गवंड्याची बायको आता आमच्या गटात आहे. बैठकीत नवीन मुली येतात तेव्हा पाच प्रश्न तीच शिकवते. दुसऱ्या प्रश्नाशी ती थोडी थांबते. मग पुढे बोलते.