तापणारें इंजिन व घरची साक्ष

घरांत एखादी मौल्यवान वस्तु यावयाची असली म्हणजे तिच्या निवडींत सारें कुटुंब भाग घेतें. परंतु ती बिघडली म्हणजे विक्रेत्याच्या दारीं बहुधा एकट्यालाच जावें लागतें. मोटारीच्या बाबतींत हा अनुभव विशेषच येतो. वर्षानुवर्षांच्या शिलकेंतून घेतलेल्या नव्या गाडीचें इंजिन तापूं लागावें, विक्रेत्याच्या कारखान्यांतून ती चार वेळां ‘दुरुस्त’ होऊन यावी आणि पांचव्या वेळीं पुन्हां तापावी, याहून मनस्तापाची गोष्ट क्वचितच असेल. अशा प्रसंगीं कुटुंबानें कसें वागावें, याचा आज विचार करूं.

आमच्या परिचयाच्या पुण्यांतील एका घराचें उदाहरण घेऊं. तेथें गाडी बहुतेक वेळां थोरली सून चालवी. कोंकणांतून परततांना ताम्हिणीचा घाट लागला कीं उष्णतेचा कांटा तांबड्या रेषेकडे सरके. शहरांत मात्र तो जागचा हलत नसे. शोरूमच्या माणसांनीं पहिल्या खेपेस कूलंट भरलें, दुसऱ्या खेपेस थर्मोस्टॅट बदलला, तिसऱ्या खेपेस ‘दोष आढळला नाहीं’ असा शेरा मारला आणि चौथ्या खेपेस तिच्या सासऱ्यांना बाजूला घेऊन, “बाई घाटांत गिअर बरोबर टाकीत नसाव्यात,” असें सुचविलें. खेदाची गोष्ट ही, कीं तें घरांत सर्वांना पटलें. परक्या गृहस्थाच्या तर्कावर विश्वास बसला आणि आपल्याच माणसानें डोळ्यांनीं पाहिलेलें खोटें ठरलें.

या तर्कांत कितपत तथ्य होतें, हें पाहण्यासाठीं इंजिनाची रचना थोडी समजून घ्यावी. इंधनाच्या ज्वलनांतून निघणाऱ्या उष्णतेचा सुमारें तिसरा हिस्सा कूलंटला वाहून न्यावा लागतो. पंप तें सिलिंडरांभोवतीं फिरवितो. तें सुमारें ८० ते ९० अंशांपर्यंत तापलें कीं थर्मोस्टॅटची झडप उघडते, आणि कूलंट रेडिएटरमध्यें जाऊन निवतें. या साखळींतील कोणता दुवा निकामी झाला, हें गाडी केव्हां तापते यावरून पुष्कळसें कळतें. सिग्नलपाशीं उभी असतां तापते व हमरस्त्यावर निवते, तर संशय पंख्यावर जातो. कारण धांवत्या गाडीला वारा आपोआप मिळतो, उभ्या गाडीला पंख्याचाच आधार. उलट, शहरांत ठीक असून चढावर तापते, तर रेडिएटर तुंबला असेल किंवा कूलंटचा प्रवाह अपुरा पडत असेल. गळती दिसत नसतांही कूलंटची पातळी वरचेवर उतरते, तर हेड गॅस्केट फुटल्याची शंका घ्यावी. चुकीच्या गिअरनें इंजिनावर ताण पडतो हें खरें. परंतु सुस्थितींतील नव्या गाडीनें तेवढ्यानें तांबडी रेषा गांठूं नये.

सपाट आवारांत दहा मिनिटें इंजिन सुरू ठेवून घाटांतला दोष दिसावयाचा नाहीं, हें उघड आहे. अशा वेळीं ‘दोष आढळला नाहीं’ याचा अर्थ ‘आम्हीं तो घाटांत जाऊन शोधला नाहीं’ इतकाच असतो. म्हणून चालविणाऱ्याची साक्ष हा येथें मोठा पुरावा होय. आणि ती कागदावर आणणें हें कुटुंबाचें पहिलें कर्तव्य.

एक वही गाडींतच ठेवावी. तारीख, वेळ, ठिकाण, किलोमीटरचा आंकडा, गाडींत माणसें किती, एसी चालू कीं बंद, आणि कांटा कोठवर गेला, एवढें तींत टिपावें. कांट्याचें छायाचित्र शेजारीं बसलेल्यानें काढावें, चालविणाऱ्यानें नव्हे. जॉबकार्डावर तक्रार आपल्या शब्दांत लिहवून घ्यावी. मोघम शेऱ्याखालीं सही करूं नये. कोणता भाग कां बदलला, हें लेखी मागावें. कूलिंग सिस्टिमची दाब देऊन तपासणी, व कूलंटमध्यें ज्वलनाचा वायु मिसळतो काय याची परीक्षा, या दोन गोष्टी स्पष्ट सांगून करवून घ्याव्यात. आणि वॉरंटीची मुदत संपण्यापूर्वीं हें सारें लेखी नोंदलेलें असावें.

तोंपर्यंत जपणें आवश्यक आहे. कांटा चढतांच एसी बंद करून गाडी सुरक्षित जागीं थांबवावी व इंजिन बंद करावें. तसेंच दामटल्यास सिलिंडर हेड वांकण्याची भीति असते. रेडिएटरचें झांकण गरम असतां कदापि उघडूं नये. दाबाखालचें उकळतें पाणी उसळून अंग भाजतें.

एवढें करूनही विक्रेता दाद देईना, तर विक्रेता आणि उत्पादक अशा दोघांनाही लेखी नोटीस द्यावी. ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा १९८६ सालचा. त्याची जागा २०१९ च्या कायद्यानें घेतली, व तो जुलै २०२० पासून अमलांत आला. नव्या कायद्यानें ग्राहकाला आपण राहतों त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करतां येते. घरच्या वापरासाठीं ५० लाख रुपयांपर्यंत किंमत देऊन घेतलेली गाडी जिल्हा आयोगाच्या कक्षेंत येते. तक्रारीचें कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. वकील दिलाच पाहिजे असें नाहीं. दोष तपासणीवांचून ठरत नसेल, तर आयोग प्रयोगशाळेकडून परीक्षा करवूं शकतो. १९१५ या क्रमांकाच्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर प्राथमिक सल्ला मिळतो. ज्या महाराष्ट्रांत बिंदुमाधव जोशी यांनीं १९७४ सालीं पुण्यास ग्राहक पंचायतीचा पाया घातला, तेथील सुशिक्षित घरांनीं हे मार्ग ठाऊक नसल्याची सबब सांगूं नये.

उपर्युक्त घरांत अखेर वही घालण्याचें काम सासूबाईंनीं आपणहून पत्करलें. दोन प्रवासांच्या नोंदी पुढें ठेवल्यावर शोरूमला आपला कारागीर घाटांत पाठवावा लागला. चाक त्याच्या हातीं होतें, गिअर तोच टाकीत होता, आणि कांटा तांबड्या रेषेपर्यंत चढला. रेडिएटर बदलून देण्याविषयींचा पत्रव्यवहार अद्याप चालूच आहे. परंतु गिअरचें नांव पुन्हां कोणीं काढलेलें नाहीं.

इंजिन आज ना उद्यां दुरुस्त होईल, किंवा बदलून मिळेल. पण आपल्या माणसाचा शब्द परक्याच्या काउंटरवर सोडून दिला, तर तो घरांत परत आणण्यास फार दिवस लागतात. विक्रेत्याशीं भांडण्यापूर्वीं घरांतील साक्षीदारास शांतपणें एवढेंच विचारावें, “तूं काय पाहिलेंस?” आणि तें तिच्याच शब्दांत लिहून घ्यावें.