सलग कार्यमुक्ती : खलाशांच्या नोकरीचा एक जुना प्रश्न

प्रत्येक भारतीय खलाशाजवळ एक छोटे पुस्तक असते : ‘कंटिन्युअस डिस्चार्ज सर्टिफिकेट’, बोलीभाषेत सीडीसी. मराठीत त्याला सलग कार्यमुक्तीचा दाखला म्हणता येईल. नाव अजाणता खरे बोलून जाते, कारण या पेशात सलग असते ती कार्यमुक्तीच. बोटीवर चढताना करार सुरू होतो, उतरताना संपतो. पुढची बोट मिळेपर्यंत बहुतेक खलाशी कोणाचेच नोकर नसतात.

२०२१ मध्ये जहाजमालकांच्या जागतिक संघटनांनी इशारा दिला की २०२६ पर्यंत जगाला आणखी ८९,५१० अधिकारी लागतील. माणसे टिकत नाहीत, ही तक्रार तेव्हापासून वारंवार ऐकू येते. इतिहास पाहता प्रश्न उलटा विचारावा लागतो : त्यांना टिकवण्याचा खर्च आजवर केला कोणी?

दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर ब्रिटिश व्यापारी जहाजांवरील सुमारे चौथा हिस्सा मनुष्यबळ भारतीय होते. मुंबईहून सुटणाऱ्या बोटींवर डेकवर रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान आणि सलूनमध्ये, म्हणजे खानपानाच्या खात्यात, गोव्याचे ख्रिस्ती असत. पगार गोऱ्या खलाशाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतका. भरती सारंगाच्या हाती. बोटी थोड्या, उमेदवार पुष्कळ. तेव्हा सारंगाची मर्जी विकत घ्यावी लागे, आणि तीही बहुधा कर्ज काढून. खलाशी बोटीवर पाऊल ठेवण्याआधीच काही महिन्यांचा पगार गमावून बसलेला असे.

प्रतीक्षेच्या काळात गोवेकरांना आधार होता ‘कूड’चा. धोबी तलाव परिसरात गावोगावच्या लोकांनी स्थापन केलेली ही वसतिगृहे. गावच्या नावाची पाटी, एक मोठी खोली, कोपऱ्यात ग्रामसंताची वेदी, भिंतीलगत ट्रंकांची रांग, आणि सायंकाळी सर्वांनी मिळून म्हणायची प्रार्थना. भाडे नाममात्र. बेकार खलाशी येथे महिनोन्महिने तग धरी. साम्राज्याच्या जहाजांना हाक मारताच हजर होणारा कसबी माणूस मिळे, तो या वर्गणीच्या जोरावर. कोकणातल्या खलाशाचा भार त्याच्या घरावर, भाताच्या तुकड्यावर आणि गावच्या सावकारावर. कंपनीच्या हिशेबवहीत या खर्चाला रकानाच नव्हता.

उपाय कोणाला सुचला नव्हता, असे नाही. १९२० मध्ये जिनोआच्या आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने खलाशाला काम देण्याबद्दल पैसे घेण्यास मनाई करणारा करार संमत केला. १९२२ मध्ये क्लो समितीने मुंबई-कलकत्त्यासाठी दलालांऐवजी नोकरी केंद्रे सुचवली. जहाज कंपन्यांना जुनी व्यवस्था सोयीची होती आणि सरकारला घाई नव्हती. पाळीपाळीने काम देणारी सरकारी कार्यालये उभी राहिली ती स्वातंत्र्यानंतर, १९५० च्या दशकात.

मधल्या काळात एक बोलकी घटना घडली. १९४१ मध्ये, युद्ध ऐन भरात असताना, ब्रिटनने आपल्या व्यापारी खलाशांचा ‘राखीव ताफा’ उभारला आणि दोन फेऱ्यांमधील दिवसांचाही पगार सुरू केला. जे आजवर अव्यवहार्य ठरवले गेले, ते माणसांची निकड भासताच शक्य झाले! वेगळ्या ‘आशियाई’ करारावर चढणाऱ्या भारतीय खलाशाची प्रतीक्षा मात्र त्याच्याच खर्चाने चालू राहिली. त्या युद्धात सहा हजारांहून अधिक भारतीय व्यापारी खलाशी मृत्युमुखी पडले.

कोविडकाळात चित्र वरकरणी उलटे झाले. २०२० च्या अखेरीस सुमारे चार लाख खलाशी करार संपूनही बोटींवरच अडकून होते. बंदरे त्यांना उतरू देत नव्हती, आणि जहाजे तर चालवायचीच होती. अशा अनुभवानंतर तरुण अधिकारी किनाऱ्यावरची नोकरी शोधू लागले, तर त्यांना चंचल म्हणणे अन्यायाचे आहे. दोन करारांमधील काळाचे वेतन देण्यास नाखूश असलेल्या उद्योगाने निष्ठेची अपेक्षा ठेवावी, हे तर त्याहून विचित्र.

जिनोआतील मनाई २००६ च्या सागरी श्रम करारात पुन्हा लिहावी लागली. भारताने तो २०१५ मध्ये स्वीकारला. तरीही बोटीवर लावून देतो म्हणत लाखो रुपये उकळणाऱ्या अनधिकृत एजंटांपासून सावध राहण्याच्या सूचना नौवहन महासंचालनालयाला आजही काढाव्या लागतात.