पडलेल्या स्वाराला हात लावण्यापूर्वी

मातीवरच्या हौशी मोटारसायकल शर्यतींचे वेड नाशिक-कोल्हापूरकडच्या तरुणांना भारी. मित्रांबरोबर जरूर जावे. धुरळा खाण्यातही मजा असते! काळजी वाटते ती मदतीच्या उतावीळपणाची. स्वार पडला की चार बघे दोरी ओलांडून धावतात, त्याला उठवून बसवतात, हेल्मेट ओढून काढतात. मानेचा मणका मोडला असेल तर तेवढ्या हिसक्यानेही मज्जारज्जू दुखावून हातपाय कायमचे लुळे पडू शकतात. श्वास नीट चालू असेल तर त्याला हलवू नये, पाणी पाजू नये. डॉक्टरांना येऊ द्यावे. शिवाय मागून येणाऱ्या गाड्या थांबलेल्या नसतात. आणि आयोजकहो, रुग्णवाहिका मैदानावर उभी नसेल तर शर्यतीचा झेंडा हलवूच नका. परतताना ट्रिपल सीट, तीही बिनहेल्मेट येणाऱ्या प्रेक्षकांविषयी पुढच्या आठवड्यात लिहीन.