डोंगरातलं घर, खाली दुकान: बयाणा देण्यापूर्वी

मे महिन्यात लखनौचा पारा चाळिशी ओलांडतो आणि मोबाइलवर जाहिराती दिसू लागतात: डोंगरातल्या गावात दुमजली कॉटेज, खाली दुकानाचे गाळे, समोर हिमालय, विकणे आहे. रात्रीच्या गाडीत बसलं की सकाळी काठगोदाम. वर आपण राहू, खाली छोटा कॅफे काढू किंवा गाळे भाड्याने देऊ, असा विचार तुमच्याही घरात सुरू असेल. निवृत्तीची पुंजी त्यात घालण्याआधी एक लक्षात घ्या. इमारत एक असली तरी घर आणि दुकान यांचे नियम वेगळे आहेत.

आता आपण बाहेरचे

9 नोव्हेंबर 2000 पर्यंत नैनिताल, अल्मोडा उत्तर प्रदेशातच होते. त्यामुळे लखनौकरांना ते डोंगर अजून आपलेच वाटतात. कायद्याच्या नजरेत मात्र तुम्ही बाहेरचे आहात. उत्तराखंडने 2003 मध्ये बाहेरच्यांसाठी 500 चौरस मीटरची मर्यादा घातली आणि 2007 मध्ये ती 250 वर आणली. 2025 च्या कायद्याने हरिद्वार आणि ऊधमसिंह नगर वगळता उरलेल्या 11 जिल्ह्यांत बाहेरच्यांना शेतजमीन व फळबागेची जमीन घेण्यास बंदी केली. नगरपालिका हद्दीबाहेर राहण्यासाठी 250 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 2,690 चौरस फूट जागा घेता येते. तीही एका कुटुंबाला एकदाच, शपथपत्र देऊन. 12 सप्टेंबर 2003 पूर्वीपासून तुमच्या घराण्याच्या नावावर तिथे जमीन असेल, तर तुमचं प्रकरण वेगळं ठरू शकतं. जुने कागद शोधा.

हे नियम जाचक वाटतील. पण शेतजमीन शेतकऱ्याकडेच राहावी, हा नियम महाराष्ट्रातही आहेच. स्वित्झर्लंडच्या मतदारांनीही 2012 मध्ये गावांतल्या सुट्टीच्या घरांवर 20 टक्क्यांची मर्यादा आणली. गावातली घरं वर्षभर कुलूपबंद राहिली, तर गाव कसं जगणार?

खरी अडचण गाळ्यांची

राहण्यासाठी म्हणून घेतलेल्या जागेत व्यवसाय केला, तर जमीन सरकारजमा होण्याची तरतूद आहे. म्हणून विकणारा "इथे दहा वर्षं दुकान चालू आहे" म्हणाला, तरी तेवढ्यावर विसंबू नका. दुकान चालू असणं वेगळं आणि ते तुमच्या नावावर कायदेशीरपणे चालणं वेगळं. व्यापारी वापराची मंजुरी लेखी मागा आणि ती खरेदीनंतर तुम्हाला लागू होईल का, हे स्थानिक वकिलाकडून तपासून घ्या.

पैशांचं गणितही बदलतं. गृहकर्ज घरासाठी मिळतं. गाळ्यांचा भाग मोठा असेल तर बँक व्यापारी कर्जाचा दर लावू शकते. किंमत 50 लाख किंवा त्याहून जास्त असेल, तर 1 टक्का टीडीएस कापून भरणं ही खरेदीदाराची जबाबदारी असते.

हे कागद पाहा

• खतौनी, म्हणजे तिथला सातबारा. नावं आणि जमिनीचा प्रकार वाचा.
• दाखिल-खारिज, म्हणजे आपला फेरफार, झाला आहे का?
• मंजूर नकाशात खालचा मजला दुकान म्हणून दाखवला आहे का?
• पाणी, रस्ता आणि उताराची अवस्था. 2023 मध्ये जोशीमठमधल्या घरांना पडलेल्या भेगा आठवा. पावसाळ्यात एकदा जागा पाहून या.

"स्थानिक माणसाच्या नावावर घेऊ, करार आपसात करू," असं कोणी सुचवलं तर तिथूनच परत फिरा. तो बेनामी व्यवहार ठरतो. त्यात घरही जाईल आणि पैसाही.

कागद जुळत नसतील, तर डोंगर सोडायची गरज नाही. एक उन्हाळा तिथे घर भाड्याने घेऊन राहा. कॅफे चालवण्याची हौस किती दिवस टिकते, हेही त्यात कळेल.